वारशाने कर्करोग येत नाही, मग काय येते?

स्तनाचा कर्करोग झालेल्या एका ३८ वर्षांच्या स्त्रीच्या केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास : नाही' असा शेरा आहे, असे समजा. आईला, मावशीला किंवा बहिणीला असा त्रास झाला होता का, असे तिला विचारले गेले होते आणि तिने जे खरे तेच सांगितले होते. पुढे जनुकीय समुपदेशक तिच्यासमोर कोरा कागद घेऊन बसतात आणि घराण्याचा नकाशा काढू लागतात. पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ. ज्यांना कर्करोग झाला त्यांची आकृती काळी भरायची, जे हयात नाहीत त्यांच्यावर तिरपी रेघ मारायची आणि जिच्यापासून चौकशी सुरू झाली तिच्याकडे बाण दाखवायचा. आईकडची बाजू कोरीच राहते. वडिलांकडे वळल्यावर मात्र तिला आठवते की वडिलांची आई ४४ व्या वर्षी 'पोटात पाणी होऊन' गेली. वडील आणि त्यांचे दोन्ही भाऊ धडधाकट आहेत आणि आत्या नाहीच. मधल्या काकांच्या मुलीचे मात्र दोन वर्षांपूर्वी, ४१ व्या वर्षी, स्तनाचे ऑपरेशन झाले. ही वडिलांकडची चुलत बहीण, तिचा इथे काय संबंध, असे वाटल्यामुळे तिने ते आधी सांगितलेच नव्हते.

समुपदेशकांचे पेन आजीच्या वर्तुळापाशी थांबते. पोटात पाणी होण्याची कारणे अनेक असतात, पण त्यांपैकी एक म्हणजे अंडाशयाचा कर्करोग, आणि पूर्वी तो निदान न होताच रुग्ण जात असे. आजीच्या वर्तुळात प्रश्नचिन्ह येते, चुलत बहिणीचे वर्तुळ काळे होते आणि मधल्या पिढीत तीन निरोगी चौकोन राहतात. 'इतिहास नाही' हा शेरा तिथेच खोडला जातो.

या विषयातला सर्वांत मोठा अडथळा, माझ्या मते, शास्त्राचा नसून शब्दांचा आहे. 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. कर्करोग जनुकीय असतो हे जवळपास प्रत्येक कर्करोगाबाबत खरे आहे, कारण वाढीवर ताबा ठेवणाऱ्या जनुकांत बिघाड झाल्याशिवाय कोणतीही पेशी अशी बेलगाम वाढत नाही. परंतु तो बिघाड बहुतेक वेळा आयुष्याच्या ओघात, एखाद्या अवयवातील एखाद्या पेशीत घडतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडेही जात नाही. आनुवंशिक बिघाड बीजांडातून किंवा शुक्राणूतून आलेला असतो आणि म्हणून शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांमध्येच असा ठळक वारसा सापडतो. जगात दरवर्षी सुमारे २३ लाख स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान होते, त्यामुळे ही टक्केवारी लहान दिसली तरी माणसे मोजायला गेल्यास आकडा एक ते दोन लाखांच्या घरात जातो.

शब्दांच्या या सरमिसळीने नुकसान दोन्ही बाजूंनी होते. गाठीच्या तपासणीत 'हर-टू पॉझिटिव्ह' असा अहवाल आला की, हे आता मुलींनाही येणार का, या विचाराने घरातले हवालदिल होतात. प्रत्यक्षात स्तनाच्या १५ ते २० टक्के कर्करोगांमध्ये, फक्त गाठीच्या पेशींत, हर-टू या जनुकाच्या जादा प्रती तयार झालेल्या असतात. तो बदल गाठीबरोबर जन्मतो आणि तिच्याबरोबरच संपतो. त्याच्यावर नेमका मारा करणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून वापरात आहे, त्यामुळे तो अहवाल उपचार ठरवण्यासाठी असतो, वारसा ठरवण्यासाठी नाही. दुसरीकडे, खरोखर वारसा असलेल्या घरांत 'आमच्याकडे आईच्या बाजूला कोणालाच नाही' एवढ्या आधारावर निर्धास्त राहिले जाते.

तीन-तीन अक्षरांचे शब्द

मानवी पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. त्यांतील डीएनए उलगडून सरळ केला तर एका पेशीतला धागा सुमारे दोन मीटर भरेल. या धाग्यावर ए, टी, जी आणि सी या चारच रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो आणि एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. या मजकुरातील जे परिच्छेद प्रथिने कशी बनवायची हे सांगतात त्यांना आपण जनुके म्हणतो. अशी जनुके सुमारे २०,००० आहेत. प्रत्येक जनुकाच्याही अर्थातच दोन प्रती असतात.

पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. एक गट म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले एक अमिनो आम्ल. मराठीत तीन अक्षरी शब्दांचे वाक्य घेतले तर हे चटकन दिसते : 'मगन सरळ सडक पकड'. आता दुसऱ्या शब्दातील 'स' आणि 'र' ही दोन अक्षरे गळाली, पण वाचणाऱ्याने तीन-तीनचा हिशेब सोडला नाही, तर वाक्य होते 'मगन ळसड कपक ड'. गळाली दोनच अक्षरे, पण त्यांच्यापुढचे सगळेच निरर्थक झाले. स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाशी ज्याचे नाव सर्वाधिक जोडले जाते त्या बीआरसीए-१ या जनुकातील एक गाजलेला बिघाड अगदी असाच आहे. त्यात सुरुवातीलाच ए आणि जी ही दोन अक्षरे गळतात, पुढचे वाचन विस्कटते आणि थोड्याच अंतरावर चुकीच्या जागी पूर्णविराम लागतो. जे प्रथिन १,८६३ अमिनो आम्लांचे व्हायचे, ते ३९ व्या जागेच्या आतच थांबते.

मात्र अक्षर बदलले म्हणजे बिघडले, असे नेहमीच होत नाही. 'सरळ'च्या जागी 'सरल' आले तर अर्थाला धक्का लागत नाही. आपल्या प्रत्येकाच्या डीएनएत असे लक्षावधी निरुपद्रवी फरक असतात. 'मगन'चा 'मदन' झाला तर गंमत निराळीच आहे, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण ते मूळ ज्याला उद्देशून होते त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही, हे नुसते वाक्य पाहून सांगता येत नाही. हा 'मदन' लक्षात ठेवावा. चाचणीच्या अहवालात तो पुन्हा भेटणार आहे.

एकाच जनुकाचे दोन आजार

जनुकीय आजारांचे ढोबळ प्रकार शाळेच्या पुस्तकात असतात. अख्खे गुणसूत्र कमी किंवा जास्त झाल्याने होणारे आजार हा पहिला प्रकार. २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत आल्याने होणारा डाऊन सिंड्रोम हे त्याचे परिचित उदाहरण, आणि ही जादा प्रत १९५९ साली ओळखली गेली. एकाच जनुकातील बिघाडाने होणारे आजार हा दुसरा प्रकार. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते, आणि तेवढ्याने तांबडी पेशी गोल न राहता कोयत्यासारखी वाकडी होते. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांच्यासारख्या आजारांत शेकडो जनुके थोडाथोडा हातभार लावतात आणि राहणीमान त्यात आपली भर घालते. हा तिसरा प्रकार.

दुसऱ्या प्रकारात प्रभावी आणि अप्रभावी असा आणखी एक भेद असतो. दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजार होत असेल तर तो प्रभावी. दोन्ही बिघडल्याशिवाय होत नसेल तर अप्रभावी. सिकलसेल अप्रभावी, तर मेंदूचा हंटिंग्टन आजार प्रभावी आहे. स्तनाचा आनुवंशिक कर्करोग यांपैकी कोणत्या खणात बसतो? घराण्याचा नकाशा पाहिला तर तो प्रभावी दिसतो, कारण बिघडलेली एकच प्रत वारशाने आलेली असते आणि ती पुढच्या प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पेशीत डोकावले तर मात्र तो अप्रभावी वाटतो, कारण दुसरी, चांगली प्रतही निकामी झाल्याशिवाय त्या पेशीचा कर्करोगाकडे प्रवास सुरू होत नाही.

हे कोडे सोडवण्याची वाट आल्फ्रेड नुडसन या अमेरिकी वैद्यकशास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवली, आणि तीही स्तनाच्या नव्हे तर लहान मुलांच्या डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या अभ्यासातून. घराण्यात हा रोग असलेल्या मुलांना तो लवकर आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत होतो. घराण्यात नसलेल्यांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. नुडसन यांनी मांडलेला हिशेब असा की, रोगासाठी दोन्ही प्रतींवर घाव पडावे लागतात. वारसा असलेले मूल पहिला घाव घेऊनच जन्मलेले असते, त्यामुळे डोळ्यातील लाखो पेशींपैकी कुठेही दुसरा घाव पडला की पुरे. वारसा नसलेल्या मुलात दोन्ही घाव योगायोगाने एकाच पेशीवर पडावे लागतात, आणि असा योग क्वचितच येतो. स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाचा तरुण वय, दोन्ही स्तन आणि एकाच घरातील अनेक जणी हा सगळा साचा याच हिशेबातून उलगडतो.

आणि ज्यांच्याकडे जन्मतःच दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या त्यांचे काय होते? आई आणि वडील दोघांच्याही बीआरसीए-२ जनुकाची एक-एक प्रत बिघडलेली असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. अशा बाळाला फॅन्कोनी अॅनिमिया हा गंभीर बालपणीचा आजार होतो, ज्यात अस्थिमज्जा रक्त तयार करेनाशी होते आणि कर्करोग फार लवकर गाठतात. एकच जनुक, एक प्रत बिघडली तर मध्यम वयातील स्तनाच्या कर्करोगाचा धोका आणि दोन बिघडल्या तर बालपणीचा रक्ताचा विकार. खणाखणांत आजार मांडण्याची पाठ्यपुस्तकी पद्धत इथे तोकडी पडते.

फाटलेले पान कसे जोडावे

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही 'कर्करोगाची जनुके' आहेत, असे बोलले जाते आणि त्यामुळे ती आपल्या अंगात नसलेलीच बरी असा समज होतो. खरे तर ती प्रत्येकात असतात, पुरुषांतही असतात, आणि त्यांचे काम कर्करोग टाळण्याचे आहे. डीएनएचा धागा दुहेरी असतो. रोजच्या चयापचयात, पेशी विभागताना किंवा किरणोत्सर्गाने त्याचे लहानमोठे तुकडे पडत राहतात. एका पदराला चीर गेली तर समोरच्या पदरावरून ती सहज सांधता येते. दोन्ही पदर एकाच जागी तुटणे हे मोठे संकट असते.

पुस्तकाचे पान मधोमध फाटले आहे, असे समजा. फाटलेल्या कडा नुसत्या गोंदाने चिकटवल्या तर पान जोडले जाते, पण कडेची काही अक्षरे जातातच. त्याच पानाची झेरॉक्स हाताशी असेल तर तिच्यावरून गेलेली अक्षरे लिहून पान तंतोतंत पूर्ववत करता येते. विभाजनाच्या आधी पेशीने डीएनएची दुसरी प्रत काढलेली असते, तीच ही झेरॉक्स. तिच्यावरून बिनचूक दुरुस्ती करणाऱ्या पथकात बीआरसीए-१ तुटलेली जागा तयार करते, बीआरसीए-२ तिथे आरएडी-५१ नावाच्या प्रथिनाला आणून बसवते आणि या दोघींना जोडणारा दुवा म्हणून पीएएलबी-२ काम करते. या पथकातला एक जण जरी पूर्णपणे गैरहजर झाला, तरी पेशीला गोंदावर भागवावे लागते. मग चुका साठत जातात आणि त्यांतली एखादी चूक कधीतरी पेशीच्या वाढीच्या लगामावरच घाला घालते.

म्हणून वारशाने कर्करोग येत नाही. वारशाने येते ती दुरुस्तीच्या साहित्याची अपुरी शिल्लक. दोनपैकी एक प्रत शाबूत असते तोवर पेशीचे काम बिनबोभाट चालते, आणि अशी माणसे जन्मापासून कोणत्याही बाबतीत आजारी नसतात.

हा बिघाड शरीराच्या सगळ्या पेशींत असताना झळ स्तन आणि अंडाशय यांनाच का बसते, हा रास्त प्रश्न आहे आणि शास्त्रज्ञांत त्यावर अजून चर्चा चालू आहे. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली स्तनाच्या पेशी वारंवार वाढतात आणि विभागतात, म्हणजे दुरुस्तीची गरज वारंवार पडते, हा एक मोठा दुवा मानला जातो. शिवाय झळ फक्त या दोनच अवयवांना बसते असेही नाही. बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा आणि स्तनाच्याही कर्करोगाचा धोका इतर पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो, आणि स्त्री-पुरुष दोघांतही स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

वयाच्या क्रमाने लावलेली घराणी

काही घराण्यांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, ही गोष्ट नवी नाही. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्याची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यातील २४ स्त्रियांपैकी १० जणी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक संशोधकांचे मत असे होते की एवढ्या सर्रास आढळणाऱ्या आणि इतकी कारणे असलेल्या रोगामागे एखादे ठरावीक जनुक शोधणे व्यर्थ आहे.

अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी हा शोध १९७० च्या दशकात हाती घेतला आणि त्याला दीड दशकाहून अधिक काळ दिला. त्यांच्या गटाने २३ मोठ्या घराण्यांतील १४६ रुग्णांची माहिती जमवली, पण सगळी घराणी एकत्र घेऊन पाहिले की काहीच ठळक दिसेना. अखेर त्यांनी घराणी निदानाच्या सरासरी वयाच्या क्रमाने लावली. सर्वांत लहान वयात रोग होणाऱ्या घराण्यांपासून सुरुवात करताच १७ व्या गुणसूत्रावरील एका भागाशी स्पष्ट संबंध दिसला, आणि उतारवयात रोग होणारी घराणी मिसळली की तो पुन्हा धूसर झाला. आनुवंशिक आणि इतर रुग्ण एकाच ढिगात असल्यामुळे आतापर्यंत हा धागा हाताला लागत नव्हता. १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर प्रत्यक्ष जनुक पकडण्यासाठी अनेक प्रयोगशाळांत चढाओढ लागली. बीआरसीए-१ हाती आले १९९४ मध्ये आणि १३ व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी. पुढे या जनुकांचे पेटंट एका कंपनीकडे राहिले आणि अमेरिकेत तिच्याखेरीज कोणालाही चाचणी करता येईना. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की निसर्गात जसा आहे तसा डीएनए नुसता वेगळा काढल्याने कोणाच्या मालकीचा होत नाही. मला हा निर्णय जनुकाच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर चाचणी अनेक प्रयोगशाळांत होऊ लागली.

७२ टक्के म्हणजे नेमके काय

बीआरसीए-१ मध्ये घातक बदल असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि तो बीआरसीए-२ मध्ये असेल तर सुमारे ६९ टक्के असते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. अंडाशयाच्या कर्करोगाबाबत हेच आकडे अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के आहेत. तुलनेसाठी सांगायचे, तर अमेरिकेतील सर्वसाधारण स्त्रीचा स्तनाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका सुमारे १३ टक्के धरला जातो.

हा ७२ चा आकडा ऐकून ३० वर्षांच्या मुलीला वाटते की गाठ आता आलीच. परंतु हा आकडा आयुष्याच्या शेवटी मारलेली बेरीज आहे. बीआरसीए-१ मध्ये धोका तिशी-चाळिशीपर्यंत झपाट्याने चढतो, बीआरसीए-२ मध्ये चाळिशी-पन्नाशीपर्यंत, आणि मग बहुतांशी स्थिर राहतो. त्या स्थिर टप्प्यात अशा १,००० स्त्रियांपैकी साधारण २० ते ३० जणींना दरवर्षी रोग होतो. म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो न होण्याची शक्यता ९७ टक्क्यांच्या आसपास असते. धोका खराच मोठा आहे, पण विचार करायला आणि निर्णय घ्यायला त्यात वेळ असतो. आणि १०० पैकी २८ जणींना ८० व्या वर्षापर्यंत तो होतही नाही.

बीआरसीएखेरीज इतरही जनुके या यादीत आहेत. पीएएलबी-२ मधील बिघाडाने ८० व्या वर्षापर्यंतचा धोका निम्म्याच्या आसपास जातो. टीपी-५३ या जनुकातील वारशाचा बिघाड दुर्मीळ, पण त्यातून होणाऱ्या ली-फ्रॉमेनी सिंड्रोममध्ये लहान वयापासून निरनिराळे कर्करोग होतात. चेक-२ आणि एटीएम यांतील बिघाड धोका साधारण दुपटीच्या घरात नेतात, म्हणजे त्या जनुकांवरून लगेच शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे कारण नसते. सगळी नावे एका माळेत ओवून 'जनुक पॉझिटिव्ह' म्हणण्याची जी सवय लागली आहे ती म्हणूनच घातक आहे. कोणते जनुक आणि त्यातला कोणता बदल, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांना काही अर्थ नाही.

अहवालातला 'मदन'

चाचणीसाठी लागते ते थोडे रक्त किंवा थुंकी. अवघड भाग आधीचा आणि नंतरचा असतो. घरात ज्यांना कर्करोग झालेला आहे त्यांची चाचणी शक्यतो आधी करावी, हा पहिला नियम. निरोगी बहिणीचीच चाचणी केली आणि ती 'नेगेटिव्ह' आली, तर तिला तो वारसा मिळाला नाही, की घरातला बिघाड या चाचणीत दिसणारा नव्हताच, हे कळायला मार्ग राहत नाही. रुग्ण बहिणीत नेमका बदल सापडलेला असेल आणि निरोगी बहिणीत तो नसेल, तरच त्या 'नेगेटिव्ह'वर विसंबता येते. मग तिचा धोका सर्वसाधारण स्त्रीच्या जवळपास येतो.

सापडला आणि सापडला नाही यांच्याशिवाय अहवालाचे तिसरे उत्तरही असते : बदल सापडला आहे, पण त्याचे महत्त्व अनिश्चित आहे. हाच आपला 'मगन'चा 'मदन'. अक्षर बदलले आहे, पण प्रथिनाचे काम बिघडले की नाही, याचा पुरेसा पुरावा जमलेला नाही. कालांतराने अशा बदलांचा निकाल लागतो आणि त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी ठरतात. म्हणून अशा उत्तराच्या आधारावर शस्त्रक्रिया करू नये, आणि नातेवाइकांच्या चाचण्यांचा सपाटाही लावू नये. घरबसल्या थुंकी पाठवून होणाऱ्या काही चाचण्या तर या जनुकांतील मोजकेच बदल तपासतात. रोगकारक बदल हजारो ज्ञात असताना अशा चाचणीतल्या 'काही आढळले नाही' या ओळीवर निश्चिंत होणे म्हणजे घराची एकच खिडकी पाहून सगळे बंद आहे असे समजण्यासारखे आहे.

चाचणीचा विचार सगळ्यांनीच करावा असे नाही. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, दोन्ही स्तनांत झालेला, पुरुषाला झालेला, गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही (रिसेप्टर), प्रोजेस्टेरॉनचे ग्राही आणि जादा हर-टू हे तिन्ही नसलेला म्हणजे ट्रिपल नेगेटिव्ह, घरात कोणालाही कोणत्याही वयात झालेला अंडाशयाचा कर्करोग, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झालेले असे कर्करोग, या खुणा दिसल्या तर समुपदेशकांना भेटावे. सर्वसाधारण लोकसंख्येत बीआरसीएतील घातक बदलाचे वाहक साधारण ४०० मध्ये एक असतात. काही समाजांत मात्र हे प्रमाण बरेच मोठे आहे. पूर्व युरोपीय मूळ असलेल्या अश्कनाझी ज्यूंमध्ये ते ४० मध्ये एक आहे.

घातक बदल सापडल्यावर पुढे काय, याला एकच उत्तर नाही. काही जणी काटेकोर देखरेख निवडतात : साधारण २५ व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि ३० व्या वर्षानंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. एमआरआय यासाठी की तरुण स्तनाच्या ऊती दाट असतात, मॅमोग्राफीत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. काही जणी रोग होण्यापूर्वीच स्तन काढून घेतात, ज्याने धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. हा निर्णय टोकाचा आहे असे बाहेरून म्हणणे सोपे असते. आई आणि मावशी दोघींना चाळिशीत गमावलेल्या मुलीचा हिशेब निराळा असतो, आणि तो तिनेच करायचा असतो. अंडाशयाचे तसे नाही. तिथे रोग वेळेत पकडणारी खात्रीची तपासणीच उपलब्ध नाही, म्हणून अपत्ये झाल्यावर, बदल बीआरसीए-१ मध्ये असेल तर ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये असेल तर ४० ते ४५ या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला बराच ठामपणे दिला जातो.

ज्यांना रोग झालेलाच आहे त्यांच्यासाठी याच बिघाडातून एक उपचार निघाला आहे. गाठीच्या पेशीत बीआरसीएच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतात, म्हणजे झेरॉक्सवरून दुरुस्ती बंद पडलेली असते. ती पेशी तग धरते ती बाकीच्या दुरुस्तीवर, आणि त्यांतले एका पदराच्या चिरा सांधण्याचे काम पार्प नावाचे विकर करते. औषधाने पार्प अडवले की लहान चिरांचे मोठे तुकडे होतात, ते सांधायला पथक नसते आणि पेशी मरते. रुग्णाच्या इतर पेशींत एक प्रत शाबूत असल्याने त्या बऱ्याच अंशी तरतात. काट्याने काटा काढण्याची ही कल्पना २००५ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाली आणि तिच्यावर बेतलेले ओलापरिब अमेरिकेत २०१४ मध्ये अंडाशयाच्या व २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले.

आता त्या कागदाकडे परत जाऊ. ३८ वर्षांच्या त्या स्त्रीच्या रक्तात बीआरसीए-१ मधील घातक बदल सापडतो. तोच बदल चुलत बहिणीत सापडतो, म्हणजे तो त्या दोघींच्या वडिलांमार्फत आजी-आजोबांपैकी एकाकडून आला असणार, आणि आजीच्या वर्तुळातले प्रश्नचिन्ह जवळजवळ मिटते. रोगाने 'एक पिढी सोडली' असे घरात म्हटले जाईल, पण जनुकाने पिढी सोडलेली नाही. त्या पिढीत तीन मुलगेच होते, त्यामुळे ते दिसले नाही. रुग्णेच्या धाकट्या बहिणीलाही आता चाचणी करता येते, आणि 'मोठीला आले म्हणून धाकटी सुटली' असा हिशेब त्यात नसतो; तिच्यासाठी नाणे नव्याने उडवलेले असते. धाकट्या काकांची चाचणी होते आणि त्यांच्यात तो बदल नसतो. त्यांच्याकडेच तो नसल्यामुळे त्यांच्या दोन मुलींकडे त्यांच्यामार्फत तो जाऊ शकत नाही, आणि नकाशाच्या त्या फांदीवर पुढे कोणाचेही रक्त घेण्याची गरज उरत नाही.